मम म्हणा!

साल १९४०, मुक्काम लंडन. जर्मन आज उतरतात की उद्या, अशी हवा आहे. अशा वेळी सामान्य माणसाने देशासाठी काय करावं? तोंड बंद ठेवावं, शेजारी शत्रूचा हेर बसला असेल. बंदुका सगळ्यांना पुरणार नाहीत. गप्प बसायला सामान लागत नाही.

आधी गाडीत बसायला शिका. मागच्या बाकावर हिटलर आणि त्याचा उजवा हात गोरिंग शेजारी शेजारी बसले आहेत, पुढच्या दोन बायकांच्या गप्पा कान देऊन ऐकताहेत. हे पोस्टर ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातले व्यंगचित्रकार फुगास यांचं. ब्रिटिश सरकारच्या माहिती मंत्रालयासाठी त्यांनी अशी आठ काढली, तीही फुकट. भिंतींना कान असतात हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगायची. या गृहस्थांनी वॉलपेपरच्या नक्षीत हिटलरचे चेहरेच भरले. तेव्हा घराला नवा कागद लावताना कुठे मिशी दिसतेय का, ते आधी पाहा.

बायकांपासून तर फारच जपा. १९४२ सालच्या पोस्टरवर एक सोनेरी केसांची सुंदरी रेलून बसली आहे, भोवती तिन्ही दलांचे अधिकारी. ती एक शब्द बोलत नाहीये, तोंड त्या तिघांचं सुटलंय. तरी संशय कुणाचा घ्यायचा, हे तुम्हाला सांगायला नकोच.

घरी मात्र, आणखी एका पोस्टरनुसार, बाबांसारखे व्हा आणि ‘कीप मम’. इंग्रजीत मम म्हणजे गप्प, आणि मम म्हणजे आईही. आता बाबांसारखं गप्प बसायचं की बाबांसारखं आईला पोसायचं, ते ज्याचं त्याने बघावं. खासदार एडिथ समरस्किल यांनी याला पार्लमेंटात हरकत घेतली. बाईंनी आपल्याकडची पूजा पाहिली नसणार. भटजी संकल्प सोडणार, यजमानाने सांगितल्यावर ‘मम’ म्हणायचं, अर्थ विचारायचा नाही. युद्धातल्या नागरिकाला याहून वेगळं काय काम असतं?

जुलैत माहितीमंत्री डफ कूपर यांनी गप्प बसणाऱ्यांची फौजच काढली, ‘सायलेंट कॉलम’. तिच्या जाहिरातीत ओळखून ठेवायची माणसं होती: गळक्या तोंडाच्या मिस, चहाच्या कपाआडून कुजबुजणाऱ्या मिस, सर्वज्ञ महाशय, आणि एक रडतराऊ. ‘आपलं काही खरं नाही’ असं कुणी म्हणालं, की खटला. कुणाला दंड, कुणाला तुरुंग. लोक इतके वैतागले की महिना संपायच्या आत चर्चिलसाहेबांनी ती फौज गुंडाळली.

गंमत म्हणजे, बोलू नका म्हणणाऱ्या याच मंत्रालयात लोक काय बोलतात ते टिपणारं एक खातं होतं. मे महिन्यापासून तिथे जनतेच्या मनःस्थितीचा रोजच्या रोज अहवाल तयार होई. त्यासाठी माणसं घरोघर जाऊन प्रश्न विचारत. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कूपरचे चोंबडे’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. म्हणजे दारावर कुणी आलं तर मोकळेपणाने बोला. तिथे गप्प राहिलात तर मंत्रालयाला काळजी वाटते.

आणि खरे जर्मन हेर? ते जवळजवळ सगळे पकडले गेले. त्यातले बरेचसे एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर खात्याने लिहून दिलेल्या बातम्या इमानेइतबारे जर्मनीला धाडत होते. ही गोष्ट पुढची तीसेक वर्षं गुप्त राहायची आहे, तेव्हा तुम्ही आपले मागच्या बाकाकडे बघत चला.

फुगासच्या एका पोस्टरवर टेलिफोनची खोपटी आहे. आत एक जण बोलतोय, बाहेर चहूबाजूंनी हिटलरच हिटलर दाटलेत. आतला गृहस्थ फोनवर जे सांगतोय तेच मीही सांगतो: हे मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका हं.