मामा, हलू नकोस

स्वस्थ बसण्याबद्दल आमच्या घरात माझी ख्याती आहे. सकाळी खुर्चीत ठेवलेला मी दुपारी तिथेच सापडतो. त्यामुळे भाचीचा फोन आला तेव्हा मी छाती फुगवून हो म्हणालो. ती मेंदूवर संशोधन करते आणि तिला चाळिशी उलटलेली, धडधाकट, रिकामटेकडी माणसं हवी होती. "मामा, तुला काहीही करायचं नाहीये. नुसतं पडून राहायचं." बायको पलीकडून म्हणाली, "वीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून सांग तिला."

पहिल्या दिवशी ईईजी होता, म्हणजे डोक्यावरून मेंदूतली वीज मोजायची तपासणी. पोहायच्या टोपीसारखी घट्ट टोपी, तिला जागोजाग भोकं, भोकाभोकात इलेक्ट्रोड आणि त्याखाली थंडगार जेल. माझ्या टकलामुळे काम निम्म्या वेळात आटपलं, हे भाचीने चारचौघांत जाहीर केलं. समोरच्या पडद्यावर माझ्या मेंदूच्या रेघा थरथरायला लागल्या. १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि ती छापायला थेट १९२९ उजाडलं. भलत्याच कशाची तरी नोंद तर होत नाहीये ना, ही शंका त्याला छळत होती म्हणे. मला त्याचं दुःख तासाभरात कळलं.

झालं असं, की एका जुन्या भांडणात द्यायला हवं होतं ते उत्तर मला त्या खुर्चीत, आठ वर्षांनी, सुचलं. नेमकं त्याच क्षणी पडद्यावर वरच्या रेघांतून एक टोलेजंग शिखर उभं राहिलं.

"बघितलंस? केवढा विचार!"

"मामा, ती पापणी आहे."

डोळा म्हणजे चक्क एक छोटा सेल असतो. पुढची बाजू धन, मागची ऋण. पापणी त्यावरून सरकली की कपाळावर शे-दोनशे मायक्रोव्होल्ट सहज उमटतात. मेंदूच्या लाटा कवटी ओलांडून येईपर्यंत दहा ते शंभर उरतात, आणि मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. थोडक्यात, माझ्या अख्ख्या बुद्धिमत्तेपेक्षा माझी पापणी मोठी. मी अपमानाने दात आवळले, तर सगळ्या रेघा झाडूसारख्या पिंजारल्या. "आता जबडा," भाची म्हणाली.

शेवटी तिने डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले आणि डोकं रिकामं सोडलं. "अगं बाई, काय सुरेख अल्फा आलाय!" सेकंदाला दहाएक, एकसारख्या, डौलदार लाटा. माझ्या रिकाम्या डोक्याचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एमआरआय. नाणी, किल्ल्या, पट्टा सगळं बाहेर काढून ठेवलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उश्या ठोसल्या, वरून पिंजरा बसवला आणि मला नळीत सरकवलं. हातात एक रबरी फुगा. फारच घाबरलो तर दाबायचा. "जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर चालेल, मामा," हेडफोनमधून आवाज आला. अर्धा मिलिमीटर! मी एवढं तर नुसत्या आश्चर्यानेच हललो.

या यंत्राला विचार दिसत नाहीत, रक्त दिसतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं, त्याने सिग्नल जेमतेम एक-दोन टक्के बदलतो. मेंदूचे साधारण तीन-तीन मिलिमीटरचे ठोकळे पाडून हे मोजतात. डोकं सरकलं की एका ठोकळ्याच्या जागी शेजारचा येऊन बसतो आणि यंत्राला वाटतं, वा, काय उलाढाल चालली आहे! डोकं स्थिर ठेवून नुसता श्वास घेतला, तरी छातीच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं. ते ऐकल्यापासून मला श्वास घेताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

ठकठक, घर्रर्र, पुन्हा ठकठक. तिसऱ्या मिनिटाला नाकाच्या उजव्या पाळीवर खाज उठली. आधी ती एका बिंदूएवढी होती. मी दुर्लक्ष केल्याचं कळताच ती मिशीत उतरली, तिथून वरच्या ओठाच्या कोपऱ्यात गेली आणि तिथे बिऱ्हाड करून राहिली. मी मिशी डावीकडे ओढली. मग उजवीकडे. मिशी म्हणजे काही डोकं नव्हे, असा माझा युक्तिवाद होता. मग तोंडात लाळ साठली. आवंढा ही एरवी न कळत होणारी गोष्ट; त्या दिवशी मी आठ आवंढे मोजले, आणि प्रत्येकाआधी अर्धा मिनिट मनाशी वाद घातला.

एवढं करून दहा मिनिटं काढली. मग हेडफोनमधून मायेने विचारणा झाली, "मामा, ठीक आहेस ना?"

मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर भाचीने आलेख दाखवला. एक शांत रेघ, आणि तिच्या शेवटी कडा. "हा तुझा होकार. चार मिलिमीटर." डेटा बाद. माझा चेहरा बघून तिने समजूत घातली, की भल्याभल्यांची फसगत झाली आहे. लहान मुलांच्या मेंदूत जवळजवळच्या भागांचं आपसात जास्त जमतं आणि वय वाढतं तसे दूरचे भाग जोडले जातात, असे निष्कर्ष निघाले होते. २०१२ मध्ये दोन-तीन गटांनी तपासलं, तर यातला बराचसा देखावा डोकी हलल्याने तयार होऊ शकतो असं निघालं. मुलं जास्त चुळबुळ करतात, बस्. हे कोणत्याही आजीने फुकट सांगितलं असतं.

आणि तो सॅमन मासा! २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सॅमन स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यातल्यांना काय वाटत असेल ते विचारलं. आकडेमोडीत योग्य ती काळजी घेतली नाही, तर त्याच्याही मेंदूत काहीतरी चाललेलं दिसलं. हेच दाखवून द्यायचं होतं. पुढे त्यांना इग्नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. भाचीला त्यात गणिताचा धडा दिसतो. मला एवढंच दिसलं, की तो मासा पूर्ण वेळ स्वस्थ पडून होता आणि आमच्या घराण्यात ते कोणाला जमलेलं नाही.

"पण तुला आवडेल असंही एक आहे," ती म्हणाली. २०१९ मध्ये उंदरांवरचे दोन अभ्यास आले. उंदीर नेमून दिलेलं काम करत असतानाही त्याच्या मेंदूतल्या घडामोडींचा मोठा हिस्सा त्याच्या आपल्याआपण होणाऱ्या हालचालींशी जोडलेला होता. पाय झाडणं, तोंड वेंगाडणं, मिशा हलवणं.

"मिशा?" मी म्हणालो.

"मिशा."

घरी आल्यावर मी हे बायकोला दोनदा सांगितलं. काल रात्री भाचीचा पुन्हा फोन आला. तो बाद झालेला स्कॅन परत घ्यावा लागणार होता. "येशील ना मामा?"

बराच वेळ शांतता. मग तिकडून, "मामा? आहेस का?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "येतोय गं तो," ती म्हणाली. "मघापासून मान डोलावतोय."