मॅरेथॉनच्या बिबसाठी आदल्या दिवशी कशाला बोलावता?

अहो, धावणारे जेमतेम दीडशे, आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, मात्र शनिवारी पाचच्या आत स्वतः येऊन घ्यायचा! पुण्याहून गोव्याला यायचं म्हणजे रात्रभराची बस, शनिवारची रजा, लॉजचं जादा भाडं. मित्राला पत्र देऊन पाठवलं तर 'चालणार नाही'. का नाही चालणार? आधारची झेरॉक्स आहे, नोंदणीचा क्यूआर कोड आहे, अजून काय हवं? मुंबईत हजारो धावतात, तिथे समजू शकतं. इथे पहाटे एक टेबल मांडा, बिब आणि चार सेफ्टी पिना हातात ठेवा, झालं काम! गर्दी नको म्हणून तर आम्ही छोट्या मॅरेथॉनला येतो. ४२.१९५ किलोमीटर पळायच्या आदल्या दिवशी पाय पसरून पडायचं, की भर उन्हात मडगावात रिक्षा शोधत फिरायचं?