कपाळावरची राख

ठाण्याच्या शाळेतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खरा मराठी कोण हा विषय काही संपत नाही, २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि मग मागे घेतला तेव्हापासून तर रोजच. सक्तीला माझाही विरोध होता, तसं लिहिलं, तर एकाने विचारलं, अरे तू ख्रिश्चन ना, तुझं मराठी एवढं चांगलं कसं? दहा वर्षं एका बाकावर बसलेला माणूस!! फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही हेच झालं होतं, म्हणजे आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसालाही सुटका नाही.

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडचा मूळचा कॅथलिक. घरात मराठी, लग्नात उंबराचं पाणी. हे नावही आम्ही १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीला घेतलं, गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे हे साहेबाला कळावं म्हणून. ओळख नोकरीला बांधायची खोड जुनीच म्हणायची.

आता राहतो इंग्लंडात, स्विंडनला. इथे ऑफिसात विचारायचे, तुमच्या घराण्यात ख्रिश्चन कधी झाले? आणि चर्चमध्ये गोव्याची मंडळी भरपूर, ती म्हणतात, कोंकणी येत नाही? मग कसला रे कॅथलिक तू! (चर्चमध्ये आडनावावरून माणूस जोखत नाहीत असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.) गंमत म्हणजे ४०० वर्षांपूर्वी मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स इथलेच, विल्टशरचे. त्यांना कोणी विचारलं असेल का, तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?

मागच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांची मीटिंग, लॅपटॉप जमा, बाहेर. व्हिसा नोकरीवर, त्यामुळे पोटात गोळाच आला, घरी जाववेना म्हणून दुपारच्या मिस्साला जाऊन बसलो. पुढे एक सुटाबुटातला, मागे फ्लोरोसंट जॅकेटवाला कोणीतरी, मध्ये मी. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळलेली ती राख, फादरांनी अंगठ्याने तिघांच्याही कपाळावर सारखाच क्रूस काढला, माती आहेस, मातीला मिळशील. ऐकून खरं तर खचायला हवं होतं, पण मला बाप्तिस्मा आठवला, म्हणजे आठवणार कसा, पण तिथेही कपाळावर असाच क्रूस काढतात, तेव्हा कुठे होती माझी डिग्री, कुठे होता व्हिसा आणि मराठी तरी कुठे येत होतं मला! तरी देवाने आपलं म्हटलंच ना. ग्रुपवर मी आजही भांडतो, पण त्यांनी नाही म्हटलं तर आता रात्रीची झोप उडत नाही.

बसमध्ये एक पोरगं म्हणालं, कपाळाला घाण लागलीय. मी पुसणार तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, ठाण्यात संध्याकाळ झालेली, तिच्याही कपाळावर तोच डाग, जरा फिकटलेला.

"राहू दे, पुसू नको. आज उपास ना, काय खाल्लंस?"

नोकरीचं तिला शुक्रवारी सांगितलं.