पिंक फ्लॉइडची घरगुती 'बेस्ट ऑफ', हिट गाणी वगळून

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या निवडक गाण्यांची सीडी घरीच बनवायची तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, 'बेस्ट ऑफ' ही ऐकायची वस्तू नाही, ती समोरच्याला त्याची लायकी दाखवायची वस्तू आहे. त्यामुळे 'विश यू वेअर हिअर' आणि 'अनदर ब्रिक इन द वॉल' ताबडतोब बाहेर. ती काय, कुणालाही माहितीयत.

कंपनीवाल्यांनी काढलेले संग्रह आहेत की, असं कुणी म्हणालं तर दयेने बघा. १९८१ मध्ये एक आला होता, नाव काय तर 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज', म्हणजे ज्या बँडवर कुणी धड मान पण हलवत नाही त्याची नाचायची गाणी! त्यात गाणी मोजून सहा, आणि 'मनी'ची परवानगी अमेरिकेतल्या जुन्या कंपनीने दिली नाही म्हणून बँडचा गिटारवादक गिल्मोरने ते नव्याने रेकॉर्ड केलं, सॅक्सोफोन सोडून जवळजवळ सगळं स्वतःच वाजवून. (तुमच्या सीडीवर 'मनी' घ्यायचंच झालं तर हेच घ्या, लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटेल पण काय ते कळणार नाही.) मग २००१ मध्ये 'एकोज' नावाचा दोन सीडींचा संग्रह आला, २६ गाण्यांचा, आणि ज्या गाण्याचं नाव त्याला दिलं त्याच २३ मिनिटांच्या गाण्याला कात्री लावून साधारण १६ मिनिटांवर आणलं. तुम्ही असलं पाप करायचं नाही.

आता हिशोब करू. सीडीवर ८० मिनिटं मावतात. पूर्ण 'एकोज' साडेतेवीस, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चे नऊच्या नऊ भाग २६ च्या आसपास, 'डॉग्ज' १७. झाली की तीन गाण्यांत सीडी! उरलेल्या तेरा मिनिटांत 'अ‍ॅटम हार्ट मदर' बसत नाही, ते पण २३ च्या वरच आहे, म्हणून तिथे बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेटच्या काळातलं काहीतरी टाका, तो १९६८ लाच बँडमधून गेला त्यामुळे त्याची गाणी आवडतात म्हटलं की माणूस आपोआप जाणकार ठरतो. १९८५ ला बँडचा बेसवादक आणि गीतकार वॉटर्स बाहेर पडला, त्यानंतरची गाणी घ्यायची का नाही यावर मात्र आधी कुणाशी तरी कडकडून भांडून घ्या आणि मग घेऊ नका.

'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं एकच गाणं उचलायचा मोह होईल. उचला, मजा येते. तिथे बहुतेक गाणी एकातून दुसऱ्यात घुसलेली आहेत, 'ब्रेन डॅमेज' जिथे चढत चढत 'इक्लिप्स'मध्ये शिरतं बरोबर तिथेच तुमची फाइल संपते, आणि सीडी राइट करताना तुम्ही गाण्यांमधल्या गॅपचं सेटिंग बघितलंच नसेल तर वर दोन सेकंदांची शांतता फुकट मिळते. याला कुणी चूक म्हटलंच तर 'एडिटिंग' म्हणून सांगा. आवाजाच्या पातळीचं पण तेच, एक गाणं जुन्या सीडीवरून, दुसरं आवाज नव्याने सुधारलेल्या रीमास्टरवरून, तिसरं कुठून तरी आलेल्या एमपीथ्रीवरून, म्हणजे ऐकणाऱ्याचा हात सतत व्हॉल्यूमवर राहतो आणि त्याला झोप लागत नाही.

कव्हरवर 'डार्क साइड'वरचा तो प्रिझम नको, तो टी-शर्टवाल्यांचा. नुसता काळा कागद लावा आणि गाण्यांची नावं लिहूच नका.

मग सीडी एखाद्या मित्राला द्या, ज्याने ती मागितलेली नाही असा मित्र उत्तम. 'एकोज'च्या मधल्या भागात पक्षी किंचाळल्यासारखे आवाज सुरू झाले की त्याचा फोन येईल, अरे सीडी खराब झालीय बहुतेक. सोडू नका त्याला. गिल्मोरच्या वाह पेडलच्या, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाने दाबायच्या यंत्राच्या, वायरी उलट्या जोडल्या की तसा आवाज येतो, ही गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घ्या, आणि तो फोन ठेवतो म्हणाला की वॉटर्स का गेला ते सुरू करा.