धोंड्याच्या महिन्यातला व्हीगन जावई

अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं, हे आमच्या आईच्या मते राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. ताई सध्या न्यूजर्सीला मुलाकडे, म्हणून तिच्या जावयाचं वाण मामाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे डोंबिवलीला ठरलं. इथवर ठीक होतं. मग भाचीचा फोन आला. "मामा, आम्ही दोघं व्हीगन झालोय हं. पण मुद्दाम काही करू नकोस, साधंच कर."

बायकोच्या ऑफिसात नेमकं ऑडिट. "तुझ्या बहिणीचा जावई, तूच बघ," म्हणून ती सुटली. स्वयंपाकघरात माझी जी काही ख्याती आहे ती अंडाभुर्जीवर उभी आहे. ती तर पहिल्याच फटक्यात बाद.

आईला समजावणं हा पुढचा टप्पा. "दूध नाही, दही-ताक नाही, लोणी-तूप नाही, मधसुद्धा नाही."

"अगं बाई! कुठलं व्रत धरलंय? उद्यापन कधी?"

याला उद्यापन नसतं, इंग्लंडमध्ये १९४४ साली याचं मंडळ निघालं, वगैरे मी सांगितलं. "म्हणजे इंग्रजांचं! सत्तेचाळीस साली गेले ना ते? मग हे कशाला मागे ठेवलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने देवाच्या पंचामृताचा हिशेब मांडला. दूध, दही, तूप, मध बाद. उरली साखर. "म्हणजे तीर्थ म्हणून जावयाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवायची?"

किराणा दुकानात गेलो. मालक जुना ओळखीचा. दूध नसलेलं काहीतरी द्या म्हटल्यावर त्याने प्रेमाने पनीर पुढे केलं. "एकदम प्युअर व्हेज आहे, साहेब." मी चष्मा लावून बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसलो. ज्यात दूध असेल अशी शंकासुद्धा येणार नाही, त्यातही दुधाची भुकटी निघते. हिरवा ठिपका बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तो दुधाला आपलंच मानतो. जगात सगळ्यात जास्त दूध काढणारा देश आपला, ते सगळं जातं कुठे हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन शांत डोक्याने विचार केला तर आपल्याकडे निम्मा स्वयंपाक मुळातच व्हीगन! पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, भरली वांगी, अळूचं फदफदं, सोलकढी. मला आर्किमिडीजइतका आनंद झाला. आईने तो टिकू दिला नाही. "पिठलं? वाणाच्या दिवशी? आयत्या वेळी कोणी टपकलं की करतात ते. जावयासमोर ठेवलंस तर तुझ्या बहिणीला तोंड दाखवायला जागा राहील का?"

खरी मेख इथे आहे. आपल्याकडे पाहुण्याचा मान पदार्थात नसतो, वरच्या तुपात असतो. तीच पुरणपोळी कोरडी वाढली की अपमान आणि तुपात बुडवली की पाहुणचार. श्रीखंड, बासुंदी, मठ्ठा वजा केले तर यजमानाच्या हातात उरतं काय? नुसता आग्रह.

तडजोड अशी झाली की भरली वांगी, उसळ, मसालेभात, पुरणपोळी, आणि पोळीबरोबर कोकणात घेतात तसं नारळाचं दूध. कोशिंबिरीला दही हवंच, असं आईचं म्हणणं. मी शेंगदाण्याचं दही लावायला घेतलं. दाणे भिजवा, वाटा, गाळा, उकळा, कोमट करा आणि विरजण म्हणून हिरव्या मिरच्यांची देठं सोडा. आई दारात उभी राहून हे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, मुलगा घर सोडून हिमालयात निघाल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतात तसे भाव होते. सकाळी दही लागलेलं बघून तिने शेजारच्या काकूंना बोलावून आणलं.

अनारशांचं पीठ तिनेच केलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सुकवून, कुटून, गुळात मुरवलेलं. त्याला शेंगदाण्याचं तेल दाखवताना तिने चक्क देवाची क्षमा मागितली. पहिले काही अनारसे कढईत पडल्या पडल्या हसले आणि विरघळून गेले. "तूप असतं तर असे हसले नसते," आई म्हणाली. यापूर्वी तुपातही ते अगदी असेच हसलेले मी पाहिले आहेत; पण वाद घालायची ती वेळ नव्हती. धीर धरून, खसखशीची बाजू वर ठेवून, झाऱ्याने वर तेल उडवत कसेबसे ३३ जमवले.

जावईबापू आले. गवती चहा बिनदुधाचा घेतला. वाण देताना आईने निरांजनाकडे बोट दाखवून विचारलं, "वातीला तूप आहे, चालेल ना?" जावई क्षणभर खरोखरच विचारात पडले. मग म्हणाले, "आजी, ते मी खाणार नाहीये." आईला हा माणूस एकदम समंजस वाटला. त्यानंतर बायकोने रेशमी कुर्ता पुढे केला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. रेशीम किड्यांपासून येतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळं लक्ष कढईकडे!

जेवायला मात्र मजा आली. वांगी दोनदा मागून घेतली, नारळाच्या दुधाची वाटी तीनदा भरली. आई पंगतीभर तुपाचं भांडं हातात घेऊन फिरत होती. वाढायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं, पण मोकळ्या हाताने पंगतीत फिरायची तिला सवय नाही. शेवटी तिने ते माझ्या ताटात रितं केलं.

जाताना भाची ओटच्या दुधाचा खोका ठेवून गेली. रात्री आईने तो फोडून पातेल्यात ओतला आणि गॅसवर चढवला.

"आई, हे काय?"

"दूध म्हणतात ना याला? मग साय येते का बघते."