फॅमिली वर आहे, मॅडम

रत्नागिरीत रात्री साडेनऊनंतर चार बायकांनी जेवायला कुठे बसायचं, हे मला कुणीतरी नीट सांगा. पार्टी नाही, नाच नाही, साधं जेवण. घरगुती खानावळी नऊला भांडी घासायला काढतात. मांडवीच्या गाड्यावर भेळ मिळते, पण भेळेवर रात्र निघत नाही. त्यानंतर शेगडी पेटलेली असते ती परमिट रूमची. आणि खरं सांगायचं तर मासेही तिथेच चांगले मिळतात. रव्यात घोळवलेली ताजी सुरमई, कडा कुरकुरीत झालेली, तिसऱ्यांचं सुकं, दाट सोलकढी. हे सगळं काळ्या काचेच्या दारामागे. त्या दाराशी आमच्यासाठी वर्षानुवर्षं एकच वाक्य ठेवलेलं आहे, "फॅमिली वर आहे, मॅडम."

वर म्हणजे काय, ते ज्यांना कधी जावं लागलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अरुंद जिना. पायऱ्यांवर बिअरचे क्रेट. वर प्लायवूडचे कप्पे पाडलेले, प्रत्येकाला मळका पडदा. एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. खिडकी आहे, पण तिच्यासमोर मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. फिनेलचा वास इतका की सुरमईचा वास येत नाही. वेटर बेल वाजवल्यावर येतो, कारण वर कुणी येईल असं त्यालाही वाटलेलं नसतं. बिअर मागवली तर ती स्टीलच्या पेल्यातून, वर टिश्यू पेपर गुंडाळून येते. कशाला? मी नोकरी करते, माझ्या पैशाची बिअर आहे, ती लपवायची कुणापासून? आणि टॉयलेट खाली. म्हणजे ज्या खोलीत आम्ही बसायचं नाही, त्याच खोलीतून, पन्नास डोळ्यांसमोरून, टेबलांच्या मधून वाट काढत जायचं. परत यायचं तेही तसंच. दाराला कडी नाही. मैत्रिणीला बाहेर उभं करून जायचं. या एका गोष्टीवरून कळतं की ही 'फॅमिली रूम' बांधताना कुणी एका बाईलाही विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एकीची बदली झाली म्हणून आम्ही चौघी गेलो होतो. वरची खोली बंद होती, एसीचं काम चालू होतं म्हणे. खाली दोन टेबलं रिकामी, आम्हाला दिसत होती. वेटर म्हणाला, "खाली लेडीज नाय चालत." मी विचारलं, कुणाला नाय चालत? तर तो मालकाकडे बघायला लागला. मालक गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. खालचं वातावरण बरं नाही." वातावरण बरं नाही! हॉटेल तुमचं, गिऱ्हाईक तुमचं, दारू तुम्ही विकता, मग वातावरण कुणी बरं ठेवायचं? जो माणूस बाई दिसली की अंगावर धावून जातो, त्याला तुम्ही क्वार्टरवर क्वार्टर देता, आणि भल्यासाठी बाहेर काढता ते आम्हाला? त्या रात्री आम्ही पाव-ऑम्लेट बांधून घेतलं आणि स्कूटरवर बसून खाल्लं. ज्या बाईने आमच्यासोबत आठ वर्षं काम केलं, तिचा निरोप स्कूटरवर. मला अजून राग येतो.

कायद्याचं म्हणाल तर कायदा असं काही म्हणत नाही. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, त्यानुसार प्यायला परवाना लागतो, बिअर-वाइनला वयाची 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. ही अट बाईला आणि पुरुषाला सारखीच. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की लिंगावरून कुणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जायला अडवता येणार नाही. दारू दिली जाते त्या जागी बायकांनी नोकरी करू नये असं सांगणारं पंजाब अबकारी कायद्यातलं जुनं कलम दिल्लीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली मोडीत काढलं. बाईचं रक्षण करायचं म्हणून बाईलाच दाराबाहेर ठेवायचं, हा मार्ग न्यायालयाने मानला नाही. आमच्या गल्ल्यावरच्या मालकापर्यंत हे पोचायला अजून किती वर्षं लागणार?

आता घरचे आणि शेजारचे. "एवढ्या रात्री काय अडलंय?" अडलंय हे की रात्र आमचीही आहे. दहानंतर मारुती मंदिरापासून घराकडे येताना रस्त्यावर कोण असतं बघा. परमिट रूममधून बाहेर पडलेले, पानपट्टीपाशी घुटमळणारे, मोटरसायकलला टेकून उभे असलेले पुरुष. बाई एकही नाही. म्हणून जी एखादी दिसते तिच्याकडे सगळे वळून बघतात. म्हणून ती पुढच्या वेळी बाहेर पडत नाही. असं करत करत अख्खं गाव रात्रीपुरतं त्यांच्या नावावर झालंय, आणि आम्हाला सांगतात की बाहेर वातावरण बरं नाही. चार बायका, दोन जोडपी, एखादी आजी नातवंडांना घेऊन रात्री अकराला रस्त्यावर दिसायला लागली की वातावरण आपोआप सुधारतं. बांद्याच्या पुढे गोव्यात जाऊन बघा, तिथे आईबापांसोबत मुली बसलेल्या असतात, शेजारच्या टेबलावर कुणी फेणी घेत असतो आणि कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

"मग पोरं बिघडतील." पोरं बिघडायची ती त्या काळ्या काचेमुळेच बिघडतायत. आत कोण बसलाय, किती वेळ बसलाय, पगारातलं किती उडवतोय, हे बाहेरून कुणाला दिसत नाही याचीच त्याला सोय वाटते. काच साफ करा, दिवे लावा, चार ओळखीची कुटुंबं शेजारी बसू द्या. तिसरा पेग मागवताना हात आपसूक आखडेल.

दारूने घरं बसलेली मी पाहिली आहेत. ज्या गावांत बायकांनी दारू दुकान बंद करायच्या मतदानात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद व्हावं म्हणून, रांगा लावल्या, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद होतं, हा 2008 चा नियम त्यांच्या लढ्यामुळेच राहिलाय, तो राहायलाच हवा. पण दारूच्या बाबतीत बाईला विचारलं जातं ते फक्त तेवढंच, बाटली उभी की आडवी. जिथे बाटली उभी आहे तिथे आम्ही कशा बसणार, कशा घरी पोचणार, हे कुणीच विचारत नाही.

आणि हीच सगळी संस्कृतीची काळजी पर्यटकांच्या बाबतीत कुठे जाते? शनिवारी आरे-वारेच्या किनाऱ्याला या. गाड्यांची डिकी उघडी, स्पीकर फुल्ल, बॉनेटवर ग्लास. सकाळी वाळूत काचा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या तळपायाला टाके पडले. त्यांना कुणी म्हणत नाही की तुमच्या भल्यासाठी सांगतो, उठा इथून. सरकारने 2020 मध्ये किनाऱ्यावर शॅकचं, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळींचं, धोरण आणलं, त्यात आरे-वारेचंही नाव होतं. मला फार बरं वाटलं होतं, की उघड्यावर, उजेडात, समुद्रासमोर बसायला जागा होईल. वेळ ठेवली सकाळी 7 ते संध्याकाळी 7. मे महिन्यात तर सूर्य तेव्हा जेमतेम बुडत असतो! ज्या वेळेला माणूस कामावरून सुटून किनाऱ्यावर येतो, त्या वेळेला बंद.

मी नवे बार मागत नाही. आहेत तेच नीट चालवा. काळ्या फिल्म काढा. खाली दिवे लावा आणि कुणीही कुठेही बसेल असं ठेवा. बायकांसाठी वेगळं टॉयलेट, कडी असलेलं, जिथे जायला अख्खा बार ओलांडावा लागणार नाही. पिऊन त्रास देणाऱ्याला बाहेर काढायची हिंमत गल्ल्यावरच्या माणसाने दाखवावी, तो रोजचं गिऱ्हाईक असला तरी. आणि स्वयंपाकघर अकरापर्यंत चालू आहेच, तर त्यातली सुरमई आम्हालाही वाढा, खालच्या टेबलावर, काचेच्या ताटात, पेल्याला टिश्यू न गुंडाळता. पैसे आम्हीही तेवढेच देतो.