‘चार दिवसांची माहेरवाशीण’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात मी हिवरे बाजार या दुष्काळी भागातल्या गावाच्या पाण्याच्या ताळेबंदावर, म्हणजे पाऊस किती पडला आणि पाणी कशाला किती वापरायचं या हिशोबावर, लिहिलं होतं. आमच्या गावानेही, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या माझ्या माहेरानेही, असा ताळेबंद 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडावा, असं त्यात सुचवलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली, ती आधी जशीच्या तशी देते:

“ताई, चार दिवस माहेरी यायचं, ओटी भरून घ्यायची आणि पुण्यात जाऊन गावाला अक्कल शिकवायची, हे बरं जमतं. हिवरे बाजार पारनेर तालुक्यात नाही, नगर तालुक्यात आहे. आधी ते नीट लिहा. तिथे शासनाचा पैसा आला. आपल्याकडे बागायतदारांच्या बोअर कोण बंद करणार? आणि ज्याला जमीनच नाही त्याला तुमच्या ताळेबंदाचा काय उपयोग?”

पहिल्यांदा चूक कबूल करते. हिवरे बाजार नगर तालुक्यातच आहे. पारनेर तालुक्यात आहे ते राळेगण सिद्धी. लिहिताना माझी गल्लत झाली, लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. कोणी चूक दाखवली की मला राग येत नाही.

राग आला तो पहिल्या वाक्याचा. दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

ओटीचं काय मध्येच? ताळेबंदाचा आणि माझ्या ओटीचा संबंध काय? हाच लेख गावातल्या एखाद्या पुरुषाने पुण्यात बसून लिहिला असता तर “दादा, चार दिवस घरी यायचं, जेवून जायचं” असं आपण लिहिलं असतं का? गावातले निम्मे कर्ते पुरुष मुंबईत, पुण्यात नोकरीला आहेत. जत्रेला येतात, वर्गणी देतात, पारावर बसून सरपंच कोण असावा ते ठरवतात. त्यांना कोणी ‘चार दिवसांचा’ म्हणत नाही. लेक लग्न करून गेली की मात्र तिची अक्कलही वेशीबाहेर गेली, असं धरायचं.

आता माझं गावाशी नातं किती, तेही सांगते. 1997 साली माझी आई राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य झाली. मी तेव्हा दहावीत होते. आईला सभेचा निरोप यायचाच नाही. सभा उरकली की दोन दिवसांनी शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही, घेऊन घरी यायचा आणि म्हणायचा, “वहिनी, इथं सही.” आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला तिने वही ठेवून घेतली आणि मला म्हणाली, “वाच गं, काय लिवलंय.” मी चुलीपाशी बसून वाचलं. आमच्या आळीला मंजूर झालेला हातपंप दुसऱ्याच आळीत, एका कारभाऱ्याच्या दारापुढे घ्यायचा ठराव होता, आणि ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून हजर सदस्यांत आईचंही नाव होतं. आईने सही केली नाही. शिपाई तीनदा आला, मग वडिलांना बोलावणं गेलं, मग आमच्या घरी पाहुण्यारावळ्यांकडून निरोप आले. तरी केली नाही. हातपंप व्हायचा तिथेच झाला. आई पुढची दोन वर्षं उन्हाळ्यात हंडा घेऊन त्याच पंपावर जात होती आणि तिथे बायका तिला मुद्दाम मागे उभं करत.

मतदार होण्याआधी मी प्रोसिडिंग बुक वाचायला शिकले ती अशी. आपण ते शेवटचं कधी उघडून पाहिलंत?

2017 साली माण तालुका वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, उतरला. 8 एप्रिल ते 22 मे, 45 दिवसांचं श्रमदान. त्यातले 17 दिवस मी होते. पूर्ण 45 नव्हते, कारण नोकरी होती आणि मुलगी सहा वर्षांची होती. पण त्या 17 दिवसांत पहाटे साडेपाचला माळावर समतल चर खोदायला बायका किती होत्या आणि पुरुष किती, हे मला नीट आठवतं. पाट्या उचलणाऱ्यांत माहेरवाशिणी होत्या, सुट्टीला आलेल्या. आपण कुठल्या गटात होता ते आठवत नाही. असाल तर माफ करा. पण आपल्या लिहिण्यातल्या दोन-तीन शब्दांवरून आपण कोण असाल याचा मला अंदाज आहे, आणि तो खरा असेल तर त्या माळावर मी आपल्याला फक्त समारोपाच्या दिवशी पाहिलं, हार घालून.

हे लिहायला नको होतं कदाचित. पण लिहिलंय ते राहू दे.

ग्रामसभेत मला मत नाही, हे मला माहीत आहे. गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य, आणि माझं नाव लग्नानंतर पुण्याच्या यादीत गेलं. म्हणून तर मी लिहिते. ज्यांना मत आहे ते काय करतात? वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असा नियम आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा पोरांनाही पाठ आहेत. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा पुरतो. आमच्याकडे तेवढेही येत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग आठ-दहा जण बसून वर्षाचा विकास आराखडा मंजूर करतात. ग्रामसभेच्या आधी व्हायची महिला सभा तर बहुतेक वेळा वहीतच होते. मी पुण्यात बसून हे लिहिलं तर अक्कल शिकवणं झालं, आणि आपण गावात बसून हे चालू दिलं ते काय झालं?

आणि बाहेर शिकलेल्याने गावाला काही सांगू नये असं असेल, तर हिवरे बाजारचं काय करायचं? पोपटराव पवार एम.कॉम. झालेले. गावाने या शिकलेल्या पोरालाच गळ घालून सरपंच केलं. तिथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री चालली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरलं, ऊस आणि केळी नको म्हटलं गेलं. पर्जन्यछायेतलं गाव, चांगल्या वर्षीही पाऊस बेताचाच. आता पावसाळा संपला की किती पडला, किती मुरला, विहिरींची पातळी काय, हे गावासमोर मांडतात. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, आणि उरेल त्यावर रब्बीला कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. मी एवढंच लिहिलं होतं की आपणही आधी मोजू या. मोजायला कोणाची परवानगी लागत नाही.

बाकीच्या मुद्द्यांचं थोडक्यात. शासनाचा पैसा हिवरे बाजारला आला, हो. 1994 मध्ये ते आदर्श गाव योजनेत आलं, रोजगार हमीची कामंही डोंगरावर झाली. तशा योजना आपल्या गावालाही आल्या, वित्त आयोगाचा निधी दरवर्षी येतो. बोअर कोण बंद करणार, याचं उत्तर मी कसं देणार? पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला 1993 च्या कायद्यापासून बंधन आहे. ते पाळलं जातं की नाही हे सरपंचांना विचारा. माझ्या भावाची बोअर आहे, हे आपण पुढच्या प्रतिक्रियेत लिहाल म्हणून मीच सांगून टाकते. आहे. जमीन नसलेल्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

आई आता 68 वर्षांची आहे. गेल्या जूनपासून अंगणात पर्जन्यमापक लावलाय, रोज सकाळी आठला ती त्यातलं पाणी बघते आणि शेजारची मुलगी वहीत आकडा लिहिते. आमच्या विहिरीची पातळीही दर पंधरवड्याला दोरीने मोजून लिहिली जाते. 2 ऑक्टोबरला ही वही ग्रामसभेत ठेवायला आई स्वतः जाणार आहे, तिचं नाव यादीत आहे. आपल्याला आधी बघायची असेल तर घरी जाऊन बघा, कोणी अडवणार नाही. दुपारी दोन ते चार ती झोपते, तेवढी वेळ सोडून जा, आणि गेल्यावर आपलं नाव सांगा.